आधी तुझी फाइल मागून घे

ताई,

माझा मुलगा आता चार महिन्यांचा आहे. तारीख उलटून आठवडा गेला तरी कळा येईनात, म्हणून मला रुग्णालयात दाखल करून घेतलं. रात्री गोळी ठेवली, सकाळी पाण्याची पिशवी फोडली, मग सलाईनमधून औषध सुरू झालं. दिवसभर वेगवेगळी माणसं येऊन आतून तपासून जायची. मला कुणी काही सांगायचं नाही, एकमेकांना म्हणायची, ‘अजून तीनच.’ दुखणं सहन होईना म्हणून मी काहीतरी द्या म्हटलं, तर एक सिस्टर म्हणाल्या, ‘आत्ताच एवढी ओरडतेस, पुढे काय करशील?’ संध्याकाळी यंत्राचा आवाज बदलला आणि खोलीत एकदम पाच-सहा जण शिरले. ‘ठोके पडतायत’ एवढंच कानावर आलं. कुणीतरी कागद पुढे केला, मी सही केली. नवरा दाराबाहेर राहिला. पुढचं तुकड्या-तुकड्यांत आठवतं. पाठीतली सुई, डोळ्यांवर येणारे दिवे, मग रडणं. गुंडाळलेला एक चेहरा क्षणभर दाखवला आणि नेला. चार तासांनी बाळ माझ्याजवळ दिलं तेव्हा वाटलं, हे दुसऱ्या कुणाचं तरी बाळ आपण सांभाळतोय.

आज त्याचं भुकेचं रडणं कोणतं आणि झोपेचं कोणतं हे मला पलीकडच्या खोलीतून कळतं. पण तो पहिला क्षण आठवला की स्वतःची लाज वाटते. त्या यंत्रासारखा आवाज कुठेही आला की छाती धडधडते. लशीसाठी त्याच रुग्णालयात जावं लागतं, आदल्या रात्री झोप लागत नाही. सगळे म्हणतात, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, आणखी काय हवं? नवरा म्हणतो, झालं गेलं विसर. आई म्हणते, आमच्या वेळी तर कुणी विचारतही नव्हतं. माझी जिवलग मैत्रीण सात महिन्यांची गरोदर आहे, तिला भेटायला जायचा धीर होत नाही.

मी कृतघ्न आहे का? मी ओरडले, नीट श्वास घेतला नाही, म्हणून ठोके पडले का? आणि दुसरं मूल माझ्याच्याने होईल का?

– एक आई

---

तुझ्या मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण रात्री तोच तुला उठवत असणार. नाही. ओरडल्यामुळे बाळाच्या हृदयाचे ठोके कमी होत नाहीत.

मी बराच काळ प्रसूतिकक्षात नोकरी केली आहे. ओरडणाऱ्या बायका पाहिल्या, शिव्या देणाऱ्या पाहिल्या, एक शब्द न काढता भिंतीकडे बघत कळा काढणाऱ्याही पाहिल्या. बाळाच्या ठोक्यांचा त्या आवाजाशी काही संबंध नसतो. कळ येते तेव्हा गर्भाशयाचा स्नायू आवळतो आणि वारेला होणारा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता कमी होतो. कळ ओसरली की रक्त पुन्हा खेळतं, बाळ सावरतं. बहुतेक बाळं हे तासन् तास सोसतात. कधी सोसवत नाही, त्याची कारणं ठरलेली आहेत. कळा इतक्या जवळ-जवळ येतात की मधे सावरायला वेळच मिळत नाही, आणि कळांचं औषध चालू असताना हे होऊ शकतं. पिशवी फुटून पाणी गेल्यावर नाळ दाबली जाते. वार हवं तेवढं काम करत नाही. आईचा रक्तदाब उतरतो. बाळाचे ठोके साधारण मिनिटाला ११० ते १६० असतात. ते खाली जाऊन वर येईनात, तर औषधाचं सलाईन बंद करतात, आईला कुशीवर वळवतात, आणि तरी जमलं नाही तर ऑपरेशनकडे वळतात. तुझ्या बाबतीत यातलं नेमकं काय झालं ते मला इथे बसून सांगता येणार नाही. ते तुझ्या फाइलमध्ये लिहिलेलं असणार, आणि या पत्राचा मोठा भाग त्या फाइलबद्दलच आहे.

त्याआधी ‘अजून तीनच’बद्दल बोलू, म्हणजे गर्भाशयाचं तोंड तीनच सेंटीमीटर उघडलंय, याबद्दल. दिवसभर हे ऐकून आपलं शरीर कामाला लागत नाही, आपणच कुठेतरी कमी पडतोय, असं तुला वाटू लागलं असेल. या आकड्यामागे एक जुना हिशेब आहे. न्यूयॉर्कच्या इमॅन्युएल फ्रीडमन या डॉक्टरांनी १९५५ मध्ये एकाच रुग्णालयातल्या ५०० पहिलटकरणींच्या बाळंतपणांचा आलेख मांडला. त्या धर्तीच्या कामातून पुढे तासाला निदान एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे, असा नियम प्रसूतिकक्षांत रुजला. आम्हीही तोच शिकलो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तो बाजूला ठेवला. काही बायकांसाठी हा वेग अवास्तव आहे, आणि जोराच्या कळांचा टप्पा पाच सेंटीमीटरपासून धरावा, असं त्यात म्हटलं आहे. त्याआधीचा टप्पा किती लांबावा याला ठरावीक मुदत नाही. तुझ्या कळा तर आपोआप आलेल्याही नव्हत्या. बंद असलेलं गर्भाशयाचं तोंड औषधाने मऊ करायचं, मग उघडायचं, याला पहिल्या खेपेला सहज एक दिवस लागतो, कधी त्याहून जास्त. तीन सेंटीमीटरवर दुपार होणं यात नवल काहीच नव्हतं. हे तुला सकाळीच कुणी सांगितलं असतं, तर तू तो दिवस निराळा काढला असतास.

माझ्या मते तुझं दुखणं इथे आहे. ऑपरेशन झालं याचा तुला राग आलेला दिसत नाही. पत्रात एकदाही तू ‘मला नैसर्गिकच हवं होतं’ असं लिहिलेलं नाहीस. तू लिहिलं आहेस ते हे की कुणी सांगितलं नाही, आपापसात बोलले, कागद पुढे केला, चेहरा दाखवला आणि नेला. तुझ्या अंगावर एक अख्खा दिवस घडला आणि तो तुला सोडून बाकी सगळ्यांना माहीत होता. जिथे काय झालं ते कळलं नाही, तिथे तू स्वतःचा दोष भरून टाकलास. बायका हे फार पटकन करतात. कारण समजलं नाही की कारण आपणच.

म्हणून तू कृतघ्न नाहीस. बाळ सुखरूप आहे याचा आनंद आणि आपल्याशी माणसासारखं कुणी वागलं नाही याचं दुःख, दोन्ही एकाच बाईच्या पोटात राहू शकतात आणि एकामुळे दुसरं खोटं ठरत नाही. हे मी तुझं मन राखायला म्हणत नाही. कॅनडातल्या एलन हॉडनेट यांनी २००२ मध्ये बाळंतपणाच्या अनुभवावरच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. बाई समाधानी आहे की नाही, हे कशावर ठरतं ते त्या शोधत होत्या. चार गोष्टी सगळ्यात वजनदार ठरल्या: तिच्या अपेक्षा, तिला मिळालेला आधार, काळजी घेणाऱ्यांशी तिचं नातं, आणि निर्णयात तिला घेतलं की नाही. वेदना किती झाल्या, कोणते उपचार झाले, हे या चारांच्या मागे पडलं. आणि हे विरूनही जात नाही. पेनी सिम्किन या अमेरिकी प्रसूती-शिक्षिकेने वीस बायकांना त्यांच्या पहिल्या बाळंतपणानंतर पंधरा ते वीस वर्षांनी पुन्हा विचारलं आणि तेव्हा त्यांनी लिहून ठेवलेल्या हकिगतींशी पडताळून पाहिलं. आठवणी बऱ्याचशा शाबूत होत्या. डॉक्टर, सिस्टर काय बोलल्या तेसुद्धा. हे १९९१ मध्ये छापून आलं. म्हणजे ‘विसर’ हा सल्ला प्रेमाने दिलेला असला तरी तो पाळता येण्यासारखा नाही.

त्या सिस्टरचं वाक्यही तुला विसरता येणार नाही, ते तू जसंच्या तसं लिहून पाठवलं आहेस. एका वेळी तीन-तीन जणी कळा काढत असताना, पाय सुजलेले असताना माणसाचा तोल जातो, हे मी नाकारत नाही. पण ‘पुढे काय करशील’ हे तोल जाऊन निघालेलं वाक्य नाही. ते शिकवलेलं असतं, एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे आलेलं. वेदनेवर औषध मागणं म्हणजे हट्ट, असा समज अजून कितीतरी ठिकाणी पक्का आहे. स्कॉटलंडमधल्या एडिनबराच्या जेम्स सिम्पसन या डॉक्टरांनी १८४७ मध्येच बाळंतपणात भूल द्यायला सुरुवात केली. राणी व्हिक्टोरियाने १८५३ मध्ये आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला. तिला कुणी ‘आता आठवं ना, सवय झाली असेल’ असं सुनावल्याचं माझ्या वाचनात नाही. आज निरोगी बाईने मागितलं तर पाठीतून देण्याचं वेदनाशामक द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. तुझ्या त्या दिवसाच्या रुग्णालयात ते शक्य नसेल, तर ‘आमच्याकडे ती सोय नाही, पण आपण हे-हे करून बघू’ असं उत्तर होतं.

आता संध्याकाळची धावपळ. सगळ्यात तातडीच्या सिझेरियनमध्ये निर्णय झाल्यापासून तीस मिनिटांच्या आत बाळ बाहेर यावं, असं लक्ष्य अनेक ठिकाणी धरतात. म्हणून एकदम पाच-सहा जण शिरले. एकाने सलाईन बघायचं, एकीने लघवीची नळी घालायची, कुणी भूलतज्ज्ञांना हाक मारायची, कुणी बाळाच्या डॉक्टरांना. ही घाई खरी असते, तिच्यामुळे जीव वाचतात, आणि तुझ्या मुलाचा वाचवला असेल तर त्या माणसांचं ते श्रेय आहेच. पण सही घेताना ‘बाळाचे ठोके सावरत नाहीत, म्हणून ऑपरेशन करून काढतोय, मी तुझ्याजवळ थांबते’ हे म्हणायला किती वेळ लागतो? मोठ्याने वाचून बघ. आमच्याकडे एक ज्येष्ठ सिस्टर होत्या. अशा वेळी त्या उशाशी उभ्या राहून फक्त बोलायच्या, हाताने दुसरं काहीच करायच्या नाहीत. नव्या डॉक्टरांना ते फुकट उभं राहणं वाटायचं. त्या बाईंच्या पेशंट पुढच्या तपासणीला आल्या की आधी त्यांना शोधायच्या.

तर फाइल. आपल्या नोंदींची प्रत मागण्याचा हक्क बहुतेक ठिकाणी रुग्णाला असतो. तोंडी मागून टोलवाटोलवी होते, म्हणून रेकॉर्ड विभागाला लेखी अर्ज दे. पूर्ण केसपेपर हवे आहेत असं लिही, नाहीतर डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स हातात देऊन वाटेला लावतील. त्या कार्डावर तुझा अख्खा दिवस दोन ओळींत आवरलेला असतो. तुला हवे आहेत ते आतले कागद. कळांचा तक्ता, ज्यावर दर तपासणीची वेळ आणि आकडा असतो. बाळाच्या ठोक्यांच्या आलेखाची लांब पट्टी, जपून ठेवली असेल तर. ऑपरेशनची नोंद, ज्यात ते का करावं लागलं, निर्णय किती वाजता झाला आणि बाळ किती वाजता जन्मलं हे असतं. आणि बाळाचा स्वतंत्र कागद, कारण त्या चार तासांत तो कुठे होता याचा हिशेब त्यावरच सापडेल.

त्या कागदावर ‘अ‍ॅपगार’ असं लिहून पुढे दोन आकडे असतील. व्हर्जिनिया अ‍ॅपगार या भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी १९५२ मध्ये ही पद्धत सुचवली. बाळाचे ठोके, श्वास, अंगातला ताठपणा, डिवचल्यावरची हालचाल आणि रंग यांना शून्य ते दोन गुण देतात, पहिल्या मिनिटाला आणि पाचव्या मिनिटाला. पाचव्या मिनिटाला सात किंवा त्याहून जास्त असतील तर बाळ सावरलेलं होतं असं समज. पहिल्या मिनिटाला दहापैकी दहा दिसले नाहीत म्हणून घाबरू नकोस. हातपाय निळसर असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक बाळाचा एक गुण तिथेच जातो. नऊ म्हणजे उत्तमच.

फाइल एकटीने वाचू नकोस, रात्री तर नकोच. त्यातली भाषा कोरडी असते आणि काही ठिकाणी उगाच लागते. ‘इंडक्शन फेल’ असं लिहिलेलं असेल, तर नापास झालं ते औषध. त्याने कळा नीट सुरू केल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरांची वेळ मागून घे, फक्त ही फाइल समजून घेण्यासाठी. त्याच डॉक्टरांकडे जायची हिंमत होत नसेल तर दुसऱ्या कुणाकडे जा. प्रश्न आधी लिहून ने, कारण तिथे बसल्यावर डोकं रिकामं होतं. बरोबर कुणाला तरी घे, आणि सुरुवातीलाच सांग की मधे थांबवावंसं वाटलं तर मी थांबवीन. एक वही कर. डाव्या पानावर तुला जे आठवतं ते तुझ्या शब्दांत, उजव्या पानावर फाइलमधली वेळ आणि नोंद. काही ठिकाणी दोन्ही जुळतील. काही ठिकाणी तुला वाटलेले दोन तास प्रत्यक्षात वीस मिनिटं निघतील. काही ठिकाणी उजवं पान कोरं राहील, कारण तुझ्याशी कोण कसं बोललं याची नोंद कुणी ठेवत नाही. तिथे तुझंच पान खरं.

त्या कोऱ्या जागांबद्दल रुग्णालयाला पत्र लिहायचं असेल तर लिही. ही फाइलपेक्षा वेगळी गोष्ट आहे आणि दोन्ही एकाच दिवशी करू नकोस, नाहीतर प्रत मिळेपर्यंत सगळेच सावध होतील. पत्रात तारीख, वेळ आणि जे शब्द ऐकले तेच लिही, विशेषणं नकोत. प्रसूतीच्या वेळी बाईशी होणारी अपमानास्पद वागणूक हे तिच्या हक्कांचं उल्लंघन आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये जाहीर निवेदनात म्हटलेलं आहे. त्यामुळे तू काही नाजूकपणा करते आहेस असं मानू नकोस. आणि लिहायचं नसेल तर नको लिहूस. तक्रार करणं हे तुझ्यावरचं आणखी एक कर्तव्य व्हायला नको.

‘दुसऱ्या कुणाचं तरी बाळ’ या वाक्याकडे येते. हे तू किती जणींना सांगितलंस माहीत नाही, बहुधा कुणालाच नाही. लंडनमध्ये रॉबसन आणि कुमार या संशोधकांनी हाच प्रश्न आयांना थेट विचारला होता: बाळ पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा काय वाटलं? १९८० मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासात पहिलटकरणींपैकी सुमारे ४० टक्के जणींनी सांगितलं की मुख्यतः काहीच वाटलं नाही. ज्यांना आधी मूल होतं, त्यांच्यातही २५ टक्के. ज्यांची पाण्याची पिशवी फोडली होती आणि शिवाय कळा फार वेदनादायक गेल्या होत्या, त्यांच्यात हा कोरडेपणा जास्त दिसला. तू तुझं पत्र पुन्हा वाच, पहिला परिच्छेद. त्यात भर म्हणून ऑपरेशन, अंगात भूल, आणि चार तासांचं अंतर.

पहिल्या क्षणी उमाळा आला नाही म्हणून मूल कायमचं काहीतरी गमावतं, असं काही नाही. माया करणं हे रोजचं काम आहे, आणि ते तू करते आहेस. दोन रडण्यांमधला फरक भिंतीपलीकडून ओळखणारी बाई मला सांगते की तिला बाळाबद्दल काही वाटलं नाही. चार महिन्यांपूर्वी नसेल वाटलं.

आता एक गोष्ट थोडी कडक आवाजात. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं, चिडचिड होणं, हे साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. तुला चार महिने झाले. यंत्राच्या आवाजाने धडधडणं, जागा टाळणं, आदल्या रात्रीची झोप उडणं, मैत्रिणीला भेटता न येणं, या साऱ्याला मानसिक आघाताच्या खुणा म्हणतात. बाळंतपणानंतर शंभरातल्या साधारण चार जणींना हा आजार पुरता जडतो. पुष्कळ जणींमध्ये त्याची लक्षणं थोडीफार असतात. हे नैराश्यापेक्षा निराळं आहे. नैराश्य ओळखायला एडिनबराची दहा प्रश्नांची चाचणी १९८७ पासून वापरतात आणि ती तुला कुणी दिलीही असेल. पण तू बाळाचं सगळं नीट करतेस, हसतेसही, म्हणून त्या चाचणीत तू ‘ठीक’ निघू शकतेस. तेव्हा डॉक्टरांना नुसतं ‘बरं वाटत नाही’ असं सांगू नकोस. आवाजाचं सांग, रुग्णालयात जाण्याचं सांग, झोपेचं सांग. यावर उपचार आहेत. आघातावर काम करणारी समुपदेशनाची एक ठरावीक पद्धत आहे, ज्यात माणूस थोडं थोडं करत, सुरक्षितपणे त्या आठवणीपाशी जायला शिकतो. डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ‘ईएमडीआर’ नावाची पद्धतही आहे. एकाच बैठकीत सगळं पुन्हा जगायला लावून मन मोकळं करून देतो असं कुणी म्हणालं, तर नको म्हण. त्याने फायदा होत नाही, आणि ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शिकेत ते करू नये असंच सांगितलं आहे. औषध लागलं तर अंगावर पाजत असतानाही चालणारी औषधं असतात, तू पाजतेस हे आधी सांगायचं. लशी दुसऱ्या दवाखान्यात देता येत असतील तर खुशाल बदल.

आणि स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, बाळ झोपलेलं असूनही रात्रंदिवस झोपच लागेनाशी झाली, इतरांना न ऐकू येणारं काही ऐकू येऊ लागलं, तर वेळ घेऊन थांबायचं नाही. त्याच दिवशी, हाताला येईल त्या रुग्णालयात.

घरातल्यांबद्दल. नवऱ्याच्या ‘विसर’मध्ये मला भीती ऐकू येते. दार बंद झालं तेव्हा तो बाहेर होता. आत बायको, आत मूल, आणि त्यालाही कुणी काही सांगितलं नसणार. बाळ त्याला तुझ्याआधी दिसलं असेल, कदाचित त्या चार तासांतलं बरंच त्याच्याजवळ आहे. त्याला ‘मला कसं वाटतंय’ हे समजावत बसण्याऐवजी एक साधा प्रश्न विचार: मला आत नेल्यापासून तू काय काय पाहिलंस ते क्रमाने सांग. पुरुषांना भावना विचारल्या की गडबडतात, हकिगत विचारली की बोलतात. त्याचं सांगणंही वहीत लिहून ठेव.

आईचं वाक्य तुला टोमणा वाटलं असेल. ‘आमच्या वेळी कुणी विचारतही नव्हतं’ म्हणणाऱ्या बऱ्याच बायका मला तक्रारच करत असाव्यात असं वाटतं, फक्त ती ऐकणारं कुणी भेटलं नाही. तिला विचारून बघ, तुझ्या वेळी काय झालं होतं? कदाचित तुझ्या जन्माची गोष्ट तुला पहिल्यांदाच कळेल. कदाचित ती उठून आत जाईल. दोन्ही चालेल.

दुसऱ्या मुलाचा निर्णय आज करायचा नाही. दोन गरोदरपणांत निदान चोवीस महिन्यांचं अंतर ठेवावं असं तसंही सांगतात, तेव्हा तुझ्याकडे वेळ आहे. फाइल वाचताना एवढंच विचारून ठेव की गर्भाशयावरचा छेद खालच्या भागात आडवा आहे ना. तसा असेल आणि दुसरी काही अडचण नसेल, तर पुढच्या खेपेला नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करता येतो. असा प्रयत्न करणाऱ्या चौघींपैकी तिघींचा साधारण यशस्वी होतो. जुनी जखम उसवण्याचा धोका दोनशेत एक असा असतो, म्हणून हा प्रयत्न ऑपरेशनची सोय असलेल्या ठिकाणीच करायचा. आणि ठरवून सिझेरियन करून घ्यावंसं वाटलं तर तेही तुझं उत्तर असू शकतं. ठरवून केलेलं ऑपरेशन त्या संध्याकाळसारखं नसतं. आत जाण्याआधी माणसं नाव सांगतात, पडद्याआडून काय चाललंय ते बोलतात, बाळ छातीवर देतात. द्यायला सांगावं लागतं, पण देतात.

मैत्रिणीकडे सध्या नाही गेलीस तरी चालेल. तिला फोन कर आणि खरं कारण सांग, नाहीतर ती भलतंच काही धरून बसेल. तुझी सगळी हकिगत सातव्या महिन्यात तिला ऐकवायची गरज नाही. तिच्या उपयोगाचं एवढंच सांग की कळा सुरू झाल्यापासून तिच्या पसंतीचं एक माणूस सतत जवळ असू द्यावं आणि त्या माणसाला एकच काम द्यावं: जो कुणी तपासून जाईल त्याला ‘काय दिसलं ते तिला सांगा’ म्हणायचं. असं माणूस सोबत असलं की कळांचा काळ थोडा कमी होतो, सिझेरियनही कमी लागतात, हे बऱ्याच देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. रुग्णालय कुणाला आत सोडतं का, हे तिने आत्ताच विचारून घ्यावं. नाही म्हणाले तर दुसरं रुग्णालय बघायला अजून वेळ आहे.

अर्ज देताना दोन प्रती ने, एकीवर तारखेसकट पोच घे. फाइल हातात आली आणि डॉक्टरांकडची वेळ लांबची मिळाली, तर न कळलेल्या ओळी मला उतरवून पाठव. अक्षर लागत नसेल तर फोटो पाठव, डॉक्टरांचं अक्षर वाचायची माझी सवय अजून गेलेली नाही.

– ताई